क्रियापद शेवटी

टार्टू शहरात सूपनगर नावाची एक पेठ आहे.
गल्ल्यांची नावं बटाटा, वाटाणा, घेवडा.
नवख्या माणसानं नकाशा न उघडता
घेवड्यातून वाटाण्यात शिरावं
इतकं सोपं.
त्याच घेवडा गल्लीत, लाकडी घराच्या माडीवर
आम्ही चौघं तीन तास भांडत होतो
एका शब्दावरून.

शब्द होता 'साफ'.
तो मीच ठेवलेला, चार वर्षांपूर्वी,
रात्री दीड वाजता, कॉफी संपल्यावर.
तात्पुरत्या फायली पुसायच्या, एवढंच त्याचं काम.
मग उर्मासनं त्याच्या पोटात आणखी एक काम सरकवलं,
पुढच्या उन्हाळ्यात लेलोनं आणखी एक.
पोर वाढत गेलं,
टोपडं तेच राहिलं.

आणि फेब्रुवारीत हेल्वे.
वय एकसष्ट. दलदलीत रोवलेल्या चोवीस नळ्यांतून
पाण्याची पातळी मोजते,
दर मंगळवारी, गोठलेल्या फळ्यांच्या वाटेनं.
स्क्रीनवर अक्षरांचा पसारा झाला म्हणून
तिनं लिहिलं: साफ.
जेवण झाल्यावर टेबल पुसावं, तसं.
एंटर.

कर्सर लुकलुकला. बोलला काहीच नाही.
काम फत्ते झालं की गप्प बसायचं,
ही आमची शिस्त, आमचा थोडा माजही.
अकरा मंगळवारांचं पाणी
त्या गप्प बसण्यात गेलं.

उर्मास म्हणाला, माहितीपुस्तिकेत लिहिलंय, पान चाळीस.
कुणी उत्तर दिलं नाही.
लेलोनं भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या:
नळीचं सगळं नळीखाली, नोंदीचं नोंदीखाली,
घर लावतात तसं.
तोनिसनं विचारलं,
आधी नाम की आधी क्रियापद?

मी म्हटलं, माझ्या भाषेत क्रियापद शेवटी येतं.
'तुझ्या या सगळ्या नोंदी मी कायमच्या...'
इथवर येऊनसुद्धा माणूस
'जपतो' म्हणू शकतो.
ते हसले. मग हसायचे थांबले.

'काढ' सुचवणार होतो, जिभेवरच ठेवला.
आमच्याकडे चित्रही काढतात,
विहिरीचं पाणीही,
आणि माणसाला कामावरूनही.
असला शब्द यंत्राच्या हाती द्यायचा नसतो.

हेल्वे उशिरा आली. बूट दाराशी काढले,
लोकरी मोज्यांवर चिठ्ठ्यांसमोर उभी राहिली,
ओठ हलवत एकेक वाचली.
म्हणाली, दलदलीत चांगल्या जागांना नावं नसतात.
एका जागेला आहे: घोडा गेला.
कुठला घोडा, कुणाचा, ठाऊक नाही.
पण आठ वर्षांचं पोरही
तिथं पाय टाकत नाही.

लेलोनं पेन तिच्याकडे दिलं.
तिनं लिहिलं: नोंदी-बुडव.
उर्मास म्हणाला, लांब आहे फार.
ती म्हणाली, असू दे ना.
तेवढ्या वेळात माणूस थांबेल.

'साफ' मात्र मारता आला नाही.
कुठल्या कुठल्या ठाण्यांवर, मध्यरात्री,
कुणीतरी लिहून विसरलेली यंत्रं
त्याला अजून त्याच नावानं हाक मारतात.
म्हणून तो आहे. फक्त आता पुसत नाही, विचारतो:
स्क्रीन पुसू, की नोंदी बुडवायच्यात?
बुडवायच्या असतील तर
तो शब्द तुम्हीच पूर्ण लिहा.

आलेखात डिसेंबर ते फेब्रुवारी
कोरी जागा तशीच आहे.
तोनिसला रेघ जोडून टाकायची होती, अंदाजानं.
हेल्वेनं जोडू दिली नाही.

ती अजून दर मंगळवारी
नोंदी भरायच्या आधी 'साफ' लिहिते,
प्रश्न येईपर्यंत थांबते,
आणि 'नको' म्हणून
मोजे वाळत घालते.